दारू सोडली, आता सोबत कोणाची?



कपाशीवर लाल्या आला तर शेजारी धावून येतो. दारू सोडणाऱ्याला मात्र हसतो. आम्हीही दारूबंदीचे मोर्चे काढतो नि घरी जातो.

1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एक दलाल नि एक डॉक्टर, दोघेही दारूने पिडलेले, एकमेकांशी बोलत सावरले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे.

रोजची दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, म्हणून आधी डॉक्टर गाठावा. पण उपचार घेऊन माणूस परततो गावातच. कापसाचा चुकारा हाती पडला, की जुने सोबती हजर! त्या दिवशी आपल्यापैकी दोघांनी त्याच्याबरोबर बाजाराला जावे. पुन्हा घसरला, तरी बैठकीचे निरोप त्याच्या घरी जात राहावेत.