काचेतले पॅरिस

पॅरिसला गेलेला प्रवासी पहिले छायाचित्र आयफेल टॉवरचे काढतो, आणि बहुधा दुसरेही त्याचेच. परंतु ज्याला ते शहर पायी हिंडून पाहायचे आहे, त्याने अधूनमधून मान खाली घालावी आणि दुकानांच्या काचांपुढे थबकावे. पावसानंतरच्या फरसबंदीत, सीन नदीच्या पात्रात आणि दर्शनी काचांत पॅरिस पुन्हा एकदा उभे असते.

हे काचेतले पॅरिस टिपणारा युजीन आत्झे हा वृत्तीने कलावंतापेक्षा व्यावसायिक होता. त्याचा जन्म १८५७ चा. बालपणीच तो पोरका झाला आणि तरुणपणी नाटकमंडळीत रमला. पण तेथे बस्तान बसले नाही, तेव्हा तो छायाचित्रणाकडे वळला. ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ अशी पाटी त्याच्या दारावर होती. चित्रकार, ग्रंथालये आणि संग्रहालये ही त्याची गिऱ्हाइके. त्यांची नावे व पत्ते नोंदवलेली त्याची वही आजही जतन केलेली आहे. लाकडी कॅमेरा, तिकाटणे आणि १८ × २४ सेंटिमीटरच्या काचपट्ट्या घेऊन तो सुमारे तीस वर्षे जुने पॅरिस टिपत राहिला. १९२० मध्ये अडीच हजारांहून अधिक काचपट्ट्या त्याने फ्रेंच सरकारला दहा हजार फ्रँकला विकल्या.

दुकानाच्या काचेचा एक गुणधर्म दुकानदारांच्या नित्य अनुभवाचा आहे. समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे आठ टक्के प्रकाश साधी काच परत पाठवते. रात्री आत दिवे असले की तो जाणवत नाही. भर दिवसा, रस्ता उजळलेला आणि दुकानाचा आतला भाग मंद असला, की मालावर रस्त्याचे प्रतिबिंब चढते. मालाचे चित्र हवे असणारा छायाचित्रकार यालाच दोष मानतो. तो तिरका उभा राहतो, काळे कापड धरतो, आज पोलरायझर फिल्टर लावतो.

आत्झेने १९२५ साली गोब्लँ मार्गावरील एका कपड्यांच्या दुकानापुढे कॅमेरा लावला, तेव्हा प्रतिबिंब तसेच राहू दिले. काचेआड सूट घातलेले पुतळे उभे आहेत, कपड्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या आहेत, आणि त्या सर्वांवर समोरची झाडे व इमारत पसरली आहे. आतले कोणते आणि बाहेरचे कोणते, हे क्षणभर कळत नाही. दुकानदाराने मांडला होता केवळ माल. आत्झेने त्याच चौकटीत दुकान ज्या रस्त्यावर जगते तो रस्ताही नोंदवला. त्या हंगामाचे सूट केव्हाच सरले; चिठ्ठीवरची किंमत आणि काचेतली झाडे मात्र एकाच पानावर राहिली.

आत्झेला या कामाचा गौरव लाभला नाही. १९२६ मध्ये त्याची काही छायाचित्रे एका नियतकालिकात आली, तेव्हा आपले नाव छापू नये असे त्यानेच सांगितले. त्याची योग्यता ओळखली ती त्या शहरात परक्या असलेल्या एका तरुणीने. अमेरिकेहून आलेल्या बेरेनिस ॲबटने १९२७ मध्ये त्याची छायाचित्रे काढली; ती दाखवायला ती गेली, तोवर आत्झे निवर्तला होता. त्याच्या घरी उरलेला संग्रह विखरून जाण्याचा धोका होता. ॲबटने १९२८ मध्ये तो विकत घेतला, अमेरिकेला नेला आणि चाळीस वर्षे सांभाळला. १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेला.

परदेशात हिंडणाऱ्याला यातून दोन व्यावहारिक गोष्टी घेता येतील. काचेतली प्रतिमा काचेवर नसते; समोरचे झाड काचेपुढे जितके दूर, तितकीच ती काचेमागे दूर असते. म्हणून माल आणि झाड दोन्ही सुस्पष्ट हवे असतील, तर भिंगाचे छिद्र लहान ठेवावे. रस्त्यावरच्या डबक्यात उंच इमारत हवी असेल, तर कॅमेरा पाण्यालगत उतरवावा. त्यासाठी वाकावे लागते, एवढेच. आणि काचेत स्वतःची आकृती उमटलीच, तर ती पुसून टाकण्याची घाई करू नये. त्या दिवशी त्या रस्त्यावर आपणही होतो, ही नोंदही खरीच असते.