बूट फेकला तर एका दिवसात, फाइल दाबली तर?

६ ऑक्टोबर २०२५ आठवतोय? सुप्रीम कोर्टात भर सुनावणीत एका वकिलानं तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्या अमरावतीचे भूषण गवई यांच्यावर बूट फेकायचा प्रयत्न केला. तुमच्या ग्रुपवरही तो विषय चघळून झाला असेल. पण त्या गोंधळात एक गोष्ट मागे पडली. त्याच दिवशी बार कौन्सिल ऑफ इंडियानं त्या वकिलाची सनद तात्पुरती निलंबित केली. त्याच दिवशी!

आता दुसरं चित्र बघा. समजा, घरमालकानं तुमचं डिपॉझिट बुडवलं. तुम्ही वकील केला, फी भरली. तो तारखांना गेलाच नाही, केस निकालात निघाली आणि वर कागदपत्रंही परत देईना. त्याच्यावर कारवाई किती दिवसांत होईल?

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चं कलम ३५. वकिलानं व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन केलं तर राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करायची. आपल्यासाठी ती ‘महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल’, मुंबईत फोर्टला. तक्रारीत दम वाटला तर ती तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. समिती समज देऊ शकते, सनद ठरावीक काळासाठी निलंबित करू शकते किंवा वकिलाचं नाव यादीतून कायमचं काढू शकते. निर्णय पटला नाही तर अपील दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून थेट सुप्रीम कोर्टात. आणि हो, फी थकली म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही. ते गैरवर्तनच, असं सुप्रीम कोर्टानं २००० मध्येच सांगितलंय.

कागदावर झकास आहे सगळं. पण समितीत बसतं कोण? तिघंही वकीलच. दोघं कौन्सिलचे सदस्य, तिसरा बाहेरून घेतलेला, पण तोही वकील. आपल्या कौन्सिलचे २५ सदस्य निवडून कोण देतं? तर वकीलच. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तुमची तक्रार आहे, तो न्याय देणाऱ्याचा मतदार! हे जरा विचित्र वाटतं ना? इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांवरच्या आरोपांची सुनावणी करणाऱ्या न्यायाधिकरणात वकील नसलेले सदस्यही बसतात. आपल्याकडे अशी एकही खुर्ची नाही.

वकिलांची बाजूही ऐकायला हवी. त्यांचं म्हणणं, आम्हाला सरकारविरुद्ध आणि कधी न्यायाधीशांसमोरही ताठ उभं राहावं लागतं. सनद त्यांच्या हातात गेली तर कोण बोलणार? मुद्दा खरा आहे. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानंही मान्य केलं की अवमानाची शिक्षा म्हणून कोर्ट वकिलाची सनद काढून घेऊ शकत नाही, ते काम बार कौन्सिलचं. आणि कौन्सिल कधीच काही करत नाही असंही नाही. मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या दारात काही वकील पक्षकार दिसला की धावायचे, एकमेकांना ढकलून, फी पाडून केस ओढायचे. राज्याच्या कौन्सिलनं त्यांना निलंबित केलं, दिल्लीनं ते रद्द केलं. तेव्हा आपली कौन्सिल स्वतः सुप्रीम कोर्टात गेली आणि १९७५ मध्ये हे वागणं गैरवर्तनच, हा निकाल घेऊन आली.

पण स्वायत्तता हवी म्हणजे बाहेरचा एकही माणूस नको, असं कुठे होतं? मला तरी हा युक्तिवाद पटत नाही.

त्यातून १४ मे २०२४ ला आणखी एक दार बंद झालं. वकिलाच्या सेवेत त्रुटी राहिली म्हणून ग्राहक न्यायालयात जाता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं ठरवलं. डॉक्टर १९९५ पासून ग्राहक कायद्याखाली आहेत, वकील नाहीत. दिवाणी दावा लावता येतो म्हणा. पण वकिलाविरुद्ध दावा लावायला दुसरा वकील शोधा, पुन्हा फी, पुन्हा तारखा! आणि बार कौन्सिलनं शिक्षा दिली तरी ती सनदेपुरती. कलम ३५ मधल्या शिक्षांच्या यादीत तुमची नुकसानभरपाई नाहीच.

राहिला प्रश्न वेळेचा. कलम ३६-ब नुसार तक्रार एका वर्षात निकाली निघाली पाहिजे. नाही निघाली तर? ती आपोआप दिल्लीला जाते. म्हणजे उशीर कौन्सिलचा आणि खेटे कोल्हापूर किंवा गडचिरोलीच्या तक्रारदाराला! इतकी प्रकरणं अशी साचली की डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, राज्यांनी वर्षाची मुदत पाळा आणि दिल्लीला आलेलीही वर्षभरात संपवा.

बूट प्रकरणात घाई करायला नको होती, असं कुणीच म्हणणार नाही. पण यंत्रणा मनात आणलं तर किती वेगानं हलते, हे त्या दिवशी दिसलं. न्यायाधीशाचा अपमान कॅमेऱ्यावर दिसतो. पक्षकाराची दाबलेली फाइल कुणालाच दिसत नाही.

आणि कधी वेळ आलीच तर लक्षात ठेवा, ते एक वर्ष मोजलं जातं तक्रार कौन्सिलला मिळाल्याच्या तारखेपासून. त्यामुळे अर्ज देऊन तसेच निघू नका. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.