जप्त केलेले बॉल

आमच्या सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात सात टेनिस बॉल पडून आहेत. मी सेक्रेटरी असताना जप्त केलेले. कुणाच्या तरी गाडीची काच फुटली, सभेत ठराव झाला आणि पार्किंगमध्ये पाटी लागली : ‘येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे.’ अक्षर माझंच.

त्या सातातले निदान चार बॉल तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच मुलाचे. तो आता नववीत आहे. परवा लिफ्टमध्ये भेटला आणि मी बोलून गेलो, “काय रे, भलताच सुटलायस!” तो मोबाइलमध्ये बघत राहिला. त्याच्या आईचा चेहरा उतरला. हा तान्हा होता तेव्हा याला ‘गुटगुटीत’ म्हणून कडेवर घेणाऱ्यांत मीही होतो. पाचवी-सहावीपर्यंत तो ‘खात्यापित्या घरचा’ होता. मिसरूड फुटलं आणि तोच ‘ढोल्या’ झाला.

‘खात्यापित्या घरचा’ हे मात्र अगदीच खोटं नाही. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची साधारण ५ टक्के मुलं जास्त वजनाची निघाली आणि २४ टक्के हडकुळी. जास्त वजनाची मुलं शहरांत आणि सुखवस्तू घरांत अधिक. म्हणजे आमच्यासारख्यांच्या लिफ्टमध्ये.

त्याच्या आईने मग त्याचा दिवस सांगितला. सकाळी साडेसहाला गणिताचा क्लास, म्हणून नाश्ता नाही. मग शाळा. तिथे पीटीचा तास आहे, पण वेळापत्रकावर. पोर्शन राहिला की तो विज्ञानाच्या बाई घेतात. संध्याकाळी पुन्हा क्लास. झोपायला बारा. जागरणाने भूक वाढते हे डॉक्टर सांगतात, पण त्यासाठी डॉक्टर कशाला हवा? रात्री अकराला फ्रीजचं दार किती वेळा उघडतं, ते ऐकावं. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं घाम काढणारी हालचाल सांगते. त्या दिवसात मी ती साठ मिनिटं शोधली. सापडली ती क्लास सुटल्यावरची वीस, वडापावच्या गाडीपुढे उभ्याने घालवलेली.

त्या गाडीला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. दिवसभरात ही पोरं हसतात ती तिथेच. एकाने शेजवान फ्रँकी घेतली आणि दुसरा ‘मला नको’ म्हणाला, तर तो त्या घोळक्यातून उठला म्हणून समजा. महाराष्ट्र सरकारने २०१७मध्ये शाळांच्या कँटीनमधून जंक फूड हद्दपार केलं. २०२०च्या केंद्राच्या नियमाने शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत ते विकायला बंदी आली. पण नियम शाळेपुरता, आणि मुलं संध्याकाळी असतात क्लासच्या दारात.

माझी भाची मात्र काडी. तिची आजी तिच्या ताटात तुपाचा जास्तीचा चमचा सोडते आणि आम्ही निर्धास्त असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यूडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. यूडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडची बाळं जन्मतःच दिसायला किरकोळ आणि आतून चरबीदार असतात, हे पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासातून पुढे आलं. तेव्हा भाची दिवसभर बिछान्यात लोळून रील्स बघते, याचीही काळजी करायला हवी होती. पण ती कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही, म्हणून तिला कुणी काही म्हणत नाही.

गेल्या रविवारी मी ऑफिसची किल्ली मागून घेतली, एक बॉल काढला आणि तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार त्यानेच उघडलं. बॉल हातात घेऊन दाबून पाहिला. “काका, आता खेळायला कोण येणार? सगळ्यांना क्लास असतो,” म्हणाला, आणि अगदी नम्रपणे तो परत माझ्या हातात ठेवला.

कपाटात पुन्हा सात झालेत.