शाहूपुरीचा गूळ आणि उशिरा पोहोचलेले मातीचे शास्त्र

१/ कोल्हापूरचा इतिहास म्हटला की गड, लढाया आणि सनदा आठवतात. मातीचा इतिहास सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक शाहूपुरी ही पेठ मातीच्याच बळावर उभी राहिली. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ती वसवली आणि पंचगंगेच्या खोऱ्यातील गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली.

२/ गुळाच्या पेठेत मातीची परीक्षा आपोआप होते. रंग, कण आणि चव पाहून भाव ठरतो. खारवट जमिनीतल्या उसाच्या रसात क्षार अधिक उतरतात. त्या रसाचा गूळ काळपट व खारट होतो, मऊ राहतो आणि पावसाळ्यात लवकर पाझरतो. काहिलीत भेंडीचा रस घालून मळी काढता येते; जमिनीतून आलेला क्षार काढता येत नाही.

३/ सौद्यात गुळाचा दोष दिसे, पण त्याचे मूळ शेतात असे. त्या मुळाचा शास्त्रीय शोध पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून सुरू झाला. प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि मृदारसायनाचे अभ्यासक तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर लिहिलेली पत्रिका १९१० साली प्रसिद्ध झाली. नीरेचा कालवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती.

४/ प्रक्रिया समजायला अवघड नाही. काळ्या चिकण मातीतून पाणी सावकाश झिरपते. बारमाही उसाला भरपूर पाणी दिले की भूजल वर चढते. ते पृष्ठभागाजवळ आले की उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. सोडियम वाढले की मातीचे कण विस्कटतात, छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. म्हणूनच पाणी आणण्याइतकेच त्याचा निचरा करणेही महत्त्वाचे ठरते.

५/ कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ १९६२ साली आणि कृषी महाविद्यालय १९६३ साली स्थापन झाले. म्हणजे पेठेनंतर सुमारे सात दशकांनी मातीचे पदवी-शिक्षण शहरात आले. तरीही कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकाठच्या शिरोळ तालुक्यात पुढे हजारो एकर जमीन क्षारपड झाली. नीरेकाठी जे घडले होते, तेच येथे पुन्हा घडले.

६/ यावर एक आक्षेप ठरलेला असतो: शेतकऱ्याने हावेपोटी पाणी जास्त दिले. हा निवाडा सोपा आहे, न्याय्य नाही. भूजल डोळ्यांना दिसत नाही. ते वर्षानुवर्षे हळूहळू चढते आणि वरच्या शेतात दिलेले पाणी खालच्याच्या बांधात मीठ होऊन फुटते. एकट्याने चर खोदून भागत नाही. साऱ्या शिवाराचे पाणी नाल्यापर्यंत नेणारी सामाईक व्यवस्था लागते. ती उभारणे हे एकट्या कुणब्याचे काम नव्हे.

७/ दोष असलाच तर ज्ञानाच्या वाटचालीत आहे. १९१० सालची पत्रिका इंग्रजीत होती. ज्याच्या बांधावर मीठ फुटणार होते, त्याच्या भाषेत ती वेळेवर पोहोचली असती, तर पाटाबरोबर चराचीही मागणी झाली असती. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट शिवारात माहीत होईपर्यंत दोन पिढ्या जाव्यात, ही विद्यापीठीय शिक्षणाची मोठी उणीव मानली पाहिजे.

८/ कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन नावाचे रक्षण करते; त्या नावामागची जमीन जपण्याचे काम मात्र शिल्लकच राहते. मृदाशास्त्राच्या पदवीचे मोलही गुणपत्रिकेपेक्षा शिरोळच्या शिवारात ठरावे. इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी मोडी कागदांइतक्याच आस्थेने जुन्या कृषी-पत्रिका वाचाव्यात. राज्ये कशी गेली हे बखरी सांगतात. जमिनी कशा गेल्या हे या पत्रिकांत नोंदलेले आहे.