दिलरस

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, जाऊन 'बीबी का मकबरा' पाहिलेले वाचक थोडेथोडके नसतील. पण त्या बीबीचे नाव काय, असे विचारले तर बहुतेक जण घुटमळतील. एखादा जाणकार 'राबिया दुराणी' असे सांगेल. परंतु ते तिचे नाव नव्हे, तो किताब. 'राबिया-उद्-दौरानी' म्हणजे 'या काळची राबिया'. मूळची राबिया ही आठव्या शतकातली बसऱ्याची संत स्त्री. 'राबिया' या अरबी शब्दाचा अर्थ 'चौथी'. घरातली ती चौथी मुलगी, म्हणून हे नाव पडले, अशी कथा आहे.

मकबऱ्यातल्या बाईचे स्वतःचे नाव मात्र दिलरस. दिलरस बानू बेगम असे पुरे लिहितात. पैकी बानू हा फारसी आणि बेगम हा तुर्की, दोन्ही मानाचे शब्द. नाव एवढेच – दिलरस. ते आज क्वचितच कानी पडते.

मराठी माणसाला वाटेल, दिल म्हणजे हृदय आणि रस म्हणजे आपला आमरसातला रस! दिलाबद्दल तक्रार नाही. फारसी 'दिल' हा संस्कृत 'हृद्'चा दूरचा भाऊबंदच आहे. 'रस' मात्र वेगळा. तो 'रसीदन' या फारसी धातूतून आला. रसीदन म्हणजे पोचणे. दिलरस म्हणजे हृदयापर्यंत पोचणारी. दिलरुबा म्हणजे हृदय हिरावून नेणारी, तशीच ही घडण. पण हिरावून नेणे निराळे आणि पोचणे निराळे, नाही का?

हा धातू आपल्या घरात केव्हाच शिरला आहे. सैन्याला पोचते ती रसद. पैसे पोचल्याचा कागद ती रसीद. आणि गंमत पाहा, आपली 'पावती'ही 'पावणे' म्हणजे पोचणे यातूनच आली. 'पोच'बद्दल तर बोलायलाच नको. फारसीत 'फर्यादरस' असा शब्द आहे. फिर्याद ऐकून धावून येणारा, असा त्याचा अर्थ. आपण त्यालाच 'नवसाला पावणारा' म्हणतो!

दिलरस ही शाहनवाजखानाची मुलगी. घराणे इराणच्या सफवी राजकुळातले, तेव्हा मुलीचे नाव फारसी असावे यात नवल नाही. १६३७ साली औरंगजेबाशी तिचे लग्न झाले. कवयित्री म्हणून ओळखली जाणारी झेबुन्निसा ही तिची थोरली लेक. १६५७ साली धाकटा मुलगा अकबर जन्मला आणि महिन्याभरातच दिलरस गेली. हाच अकबर पुढे १६८१ साली बापाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. आईविना वाढलेल्या त्या मुलाला आईचे नाव कोणत्या रूपात कळले असेल, कोण जाणे!

मकबऱ्याच्या मुख्य दरवाज्यावर तो उभारणाऱ्या अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे आहेत. जिच्यासाठी तो उभारला, ती लोकांच्या तोंडी नुसती 'बीबी' राहिली. किताबाने मान दिला आणि नाव झाकले.

यावर बादशाही घराण्यांना हसण्याचे कारण नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची हौस आपल्याकडेही पिढ्यान् पिढ्या चालली. माहेरची गोदी सासरी लक्ष्मी झाली, मग वहिनी, मग आई, मग आजी. आईबापांनी आवडीने ठेवलेले नाव कुठल्या कुठे गेले. अर्थासकट, आठवणीसकट गेले.

तेव्हा वाचकहो, या भाऊबीजेला फराळाची ताटे पुढे आली की घरातल्या सर्वांत वडील बाईंना त्यांचे माहेरचे नाव विचारा, आणि ते कोणी व का ठेवले तेही विचारून घ्या. आणि एकदा त्या नावाने त्यांना हाक मारून पाहा. ती कुठवर पोचते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल.