संसारांतील हिशेब : माजघरांतील गळाची काठी

वाडवडिलांनीं ठेवलेल्या जमिनीची वांटणी पुष्कळदां गोडीनें होते, आणि एखाद्या तांब्याच्या घंगाळावरून मात्र सख्खे भाऊ एकमेकांच्या घरचें पाणी पिईनासे होतात, हा अनुभव या सदराच्या वाचकांस नवा नाहीं. जमिनीला सरकारी दर असतो, सोन्याला पेढीवरचा भाव असतो. पण जुन्या चिजेची किंमत कोणालाच ठाऊक नसते, म्हणून ती ज्याच्या त्याच्या मनांत वाटेल तेवढी वाढते. गेल्या वर्षीं आमच्याच घरीं असा प्रसंग आला. त्यांत माझी बाजू फारशी भूषणावह नव्हती. किंबहुना म्हणूनच तो येथें सांगतों.

आमचा पुण्यांतील वाडा नव्या इमारतीसाठीं पाडावयाचा ठरला आणि चार बिऱ्हाडें चार दिशांना जाण्याची तयारी करूं लागलीं. भांडीं, देव, पोथ्या यांची व्यवस्था दोन बैठकींत लागली. राहिली ती एक काठी. शाकाहारी घराच्या माजघरांत मासे धरण्याची काठी कोठून आली, असें वाचक सहजच विचारतील. आमचे आजोबा लष्करी हिशेबखात्यांत रावळपिंडीस होते. त्यांचे वरिष्ठ इंग्रज अधिकारी सुटी मिळाली कीं काश्मिरांत ट्राउट मासा धरावयास जात. हा मासा मूळचा काश्मीरचा नव्हे. १९०० सालीं त्याचीं अंडीं विलायतेहून आणून तो तेथील थंड ओढ्यांत वाढविण्यांत आला. १९४७ च्या उन्हाळ्यांत साहेब मायदेशीं निघाले, तेव्हां त्यांनीं आपली काठी व तिची दोरा गुंडाळावयाची फिरकी आजोबांस आठवण म्हणून दिली. पुढें दोनच महिन्यांत आजोबांनाहि रावळपिंडी सोडावी लागली. बिऱ्हाड तेथेंच राहिलें. एक वळकटी, हिशेबाच्या वह्या आणि ही काठी, एवढेंच पुण्यास पोंचलें.

त्या काठीनें आमच्याकडे एकहि मासा धरला गेला नाहीं. सोंवळ्याच्या दांडीपासून दोन हात दूर, एका खुंटीला ती पिशवींत घालून उभी टांगलेली असे. १९७९ सालीं आजोबा गेले, आणि त्यानंतर तिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नाहीं, असें आम्ही सारे समजत होतों.

वाडा रिकामा करण्याच्या गडबडींत माझ्या धाकट्या चुलतभावानें आपल्या फोनवर एक चित्र दाखविलें. तशीच एक काठी अमेरिकेंत कित्येक हजार डॉलरांस विकली गेली होती. झालें! कालपर्यंत जी अडगळ होती ती एका रात्रींत ठेवा बनली. आजोबांनीं ती आपल्यालाच देऊं केली होती, असें दोघांना एकाच वेळीं आठवलें. अखेर हें सदर मी लिहितों म्हणून काठीची खरी किंमत शोधून काढण्याचें काम माझ्याकडे आलें.

प्रथम ही वस्तु काय आहे तें समजून घेणें प्राप्त होतें. या प्रकारांत गळाला आमिषाऐवजीं पिसें व रेशीम यांची केलेली कृत्रिम माशी बांधतात. तिला वजन असें नसतेंच. वजन असतें तें दोऱ्याला. तो दोरा हवेंतून दूर फेंकण्यासाठीं काठी धनुष्यासारखी वांकली पाहिजे आणि तत्क्षणीं पुन्हां सरळ झाली पाहिजे. नुसत्या वेळूनें हें साधत नाहीं. म्हणून वेळू फोडून त्याच्या कामट्या काढतात, प्रत्येक कामटी रंध्यानें त्रिकोणी करतात, आणि अशा सहा कामट्या सरसानें जोडून षट्कोनी भरीव काठी तयार करतात. वेळूचे चिवट तंतु सालीलगत दाट असतात. म्हणून साल बाहेर ठेवून पोटाकडचा मऊ भाग काढून टाकतात. मुठीपासून शेंड्यापर्यंत जाडी कशी उतरत न्यावयाची, यांतच कारागिराचें सारें कौशल्य. तें माप इंचाच्या हजाराव्या भागांत मोजावें लागतें.

कामट्या जोडून काठी करणाऱ्या आरंभींच्या कारागिरांत पेनसिल्व्हेनियांतील ईस्टन गांवचा सॅम्युएल फिलिप्पी याचें नांव घेतात. तो मूळचा बंदुका घडविणारा. त्या काळीं वेळू आपल्याच देशांतून जाई आणि कलकत्ता बंदराच्या नांवानें ओळखला जाई. विसाव्या शतकांत त्याची जागा दक्षिण चीनच्या ग्वांगडुंग प्रांतांतील ‘टोंकिन’ वेळूनें घेतली. १९५० सालीं अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केला, त्याच सुमारास कांचतंतूच्या स्वस्त काठ्या बाजारांत आल्या, आणि वेळूच्या काठ्यांचे बहुतेक कारखाने बसले. आज ही विद्या थोड्या कारागिरांनीं हातानें जिवंत ठेविली आहे.

आतां किंमतीचें. पहिला प्रश्न कर्त्याचा. अमेरिकेंत एव्हरेट गॅरिसन नांवाच्या इंजिनियरानें आयुष्यभरांत कांहीं शेंच काठ्या केल्या. त्या आज फार मोलानें जातात. उलट माँटेग्यू किंवा हॉरॉक्स-इबॉट्सन यांसारख्या कारखान्यांनीं त्या घाऊक काढल्या. त्यांना जुनेपणामुळें मोल येत नाहीं. भावाच्या फोनवरील काठी पहिल्या प्रतीची होती. आमच्या काठीवर मुठीच्या वर ‘हार्डी ब्रदर्स, ॲनिक’ आणि ‘पालाकोना’ अशीं अक्षरें होतीं. हार्डी हें १८७२ सालीं इंग्लंडच्या उत्तरेस सुरू झालेलें नामांकित घराणें, आणि पालाकोना हें त्यांच्या वेळूच्या काठ्यांचें व्यापारी नांव. काठीवरील क्रमांकावरून ती १९३० नंतरच्या दशकांतली ठरली. नांव मोठें खरें, पण हार्डींनीं अशा काठ्या पुष्कळ केल्या. साधारण ट्राउटची काठी शंभर-दोनशें पौंडांच्या आसपास जाते. दुसरा प्रश्न लांबीचा. सात-आठ फुटांच्या हलक्या काठीला गिऱ्हाईक उड्या मारतें. सामन माशासाठीं दोन्ही हातांनीं धरावयाच्या चौदा-पंधरा फुटी काठीला फारसें कोणी विचारीत नाहीं. आमची साडेनऊ फुटांची, तीन तुकड्यांची, वर एक जादा शेंडा असलेली, म्हणजे मधलीच.

तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न स्थितीचा. काठीचा प्रत्येक तुकडा डोळ्याशीं धरून बंदुकीच्या नळीसारखा रोखून पाहावा. भिंतीला टेकवून ठेवलेली काठी कायमची वांकते आणि मोल उतरतें. कामट्यांमधील सांधा कोठें उकलला आहे काय, तें नखानें चांचपावें. जुन्या काठ्या प्राण्यांच्या सरसानें जोडलेल्या असत, आणि सरसाला पावसाळी दमटपणा सोसत नाहीं. धातूच्या टोपणांचे सांधे ढिले असूं नयेत. रोगण व रेशमी वेष्टनें मूळचीं असावींत, मूळची पिशवी असावी.

येथें माझी पहिली चूक कबूल करतों. काठी चकचकीत दिसावी म्हणून मीं कांचकागद व रोगणाचा डबा आणून ठेविला होता. थोरल्या काकूंनीं तो पाहिला आणि म्हणाल्या, “अरे, तिला हात लावूं नकोस. मामंजींनीं सांगितलें होतें, पुसावी, पण घांसूं नये.” पुढें लंडनच्या एका जाणत्या लिलांववाल्यानेंहि अक्षरशः तेंच लिहून कळविलें : घांसलेल्या व नव्यानें रंगविलेल्या काठीचें मोल निम्म्यावर येतें.

त्या दिवशीं आम्हांस प्रथमच समजलें कीं काठीकडे कोणी पाहत नव्हतें हा आमचा भ्रम होता. १९६४ सालीं लग्न होऊन घरांत आल्यापासून काकू दर दिवाळीच्या साफसफाईंत ती पिशवींतून काढीत, कोरड्या धडप्यानें पुशीत, दिवसभर सावलींत वाऱ्यावर ठेवीत, आणि पुन्हां खुंटीला उभी टांगीत. मूळची पिशवी विरूं लागली तेव्हां तिच्यावर त्यांनीं आपल्या जुन्या लुगड्याची दुसरी पिशवी शिवली. साठ वर्षांचे पावसाळे त्या काठीनें असे काढले. तुकडे डोळ्याशीं धरून पाहिले तों बाणासारखे सरळ!

दुसरी चूक त्याहून जुनी. तीन तुकड्यांच्या काठीचे सर्व तुकडे बहुधा समान लांबीचे असतात, आणि दोन्ही शेंडे तर सारखेच असावे लागतात. म्हणून फितीनें मोजून पाहावें, असें मला लिहून आलें होतें. मोजलें तों एक शेंडा दोन इंच आंखूड भरला. टोंकाची कडी बेतानें बसविलेली, वेष्टन मात्र मूळच्या दोऱ्याहून किंचित् गडद. सारे चकित झाले. काकू माझ्याकडे पाहून हंसल्या, आणि मला पन्नास वर्षांपूर्वींची संक्रांत आठवली. तारेवर अडकलेली पतंग काढावयास मींच तो शेंडा पळविला होता, मींच तो मोडला, आणि रडत रडत त्यांच्या ओंच्यांत आणून टाकला होता. त्यांनीं कडी पुन्हां रेशमानें बांधली आणि कोणास चकार शब्द सांगितला नाहीं.

चुलतभाऊ म्हणाला, “दोन इंचांचें कोणाच्या लक्षांत येणार? वर्णनांत लिहूंच नका.” मला तें पटूं लागलें होतें, कारण न लिहिण्यांत माझीहि लाज राहत होती. पण काकूंनीं विचारलें, “विकत घेणारा फिती लावणार नाहीं काय?” यावर कोणापाशीं उत्तर नव्हतें. वर्णनांत शेंडा आंखूड असल्याचें स्पष्ट लिहिलें, फितीसह छायाचित्र जोडलें. जुन्या चिजेच्या बाजारांत विक्रेत्यानें आपण होऊन सांगितलेला दोष थोडी किंमत कमी करतो. गिऱ्हाइकानें शोधून काढलेला दोष सारा व्यवहार मोडतो.

विकण्याची वाट हीहि शोधावी लागली. येथील एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानें दिवाणखान्यांत लटकवावयाची शोभेची काठी म्हणून दोन हजार रुपये देऊं केले. जेथें वस्तु वापरणारे असतात तेथेंच तिला भाव येतो, म्हणून ती विलायतेंत मासेमारीच्या जुन्या सामानाचा लिलांव करणाऱ्यांकडे पाठविली. ज्यांच्या घरीं शंभर वर्षांहून जुन्या चिजा असतील त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : १९७२ च्या पुरावस्तु कायद्यान्वये पुरावस्तु परदेशीं पाठविण्यास खासगी व्यक्तीस मनाई आहे, शंका असल्यास पुरातत्त्वखात्याकडून ती पुरावस्तु नसल्याचा दाखला आधीं घ्यावा. आमची काठी वयानें त्या मर्यादेच्या आंत होती.

लिलांवांत काठीचे एकशें चाळीस पौंड आले. जिच्याकडे कोणी पाहिलेंहि नव्हतें त्या पितळी फिरकीचे दोनशें दहा आले! दलाली व वाहतूक वजा जातां हातीं पडलें तें चौघांच्या भांडणाला पुरण्याजोगें नव्हतेंच. शिवाय १९५६ च्या वारसाकायद्याप्रमाणें पाहिलें तर आजोबांच्या मिळकतींत मुलांइतकाच मुलींचाहि वांटा. म्हणजे ज्यांचें नांव आजवर कोणी काढलें नव्हतें त्या दोन्ही आत्याहि भागीदार. त्यांना विचारलें तेव्हां थोरल्या आत्या चटकन् म्हणाल्या, “पैसे सरळ काठीचे आले ना? मग ती सरळ कोणी ठेवली?”

हिशेब तेथेंच मिटला. बाजारानें ज्या गुणाला किंमत दिली तो गुण काकूंच्या हातचा होता. देणगी म्हणून त्या कांहीं घेईनात. तेव्हां वहींत ‘साठ वर्षांची राखणावळ’ असें लिहून रक्कम त्यांच्या नांवें टाकली, आणि ती मात्र त्यांनीं स्वीकारली. दोन्ही शेंडे पुरे असते तर चाळीस पौंड अधिक आले असते, असें लिलांववाल्यानें कळविलें होतें. तेवढी रक्कम मीं माझ्या खात्यांतून भरून दिली. चुलतभावानें ती नोंद दोनदां वाचली व कांहीं बोलला नाहीं.

वाचकांच्या घरींहि अशी एखादी खुंटीवरची वस्तु असेल. तिचा भाव काढण्यापूर्वीं ती इतकी वर्षें कोणी सांभाळली, एवढें घरांत विचारून घ्यावें. काठी आतां इंग्लंडांत कोणा गृहस्थाच्या हातीं आहे आणि ओढ्यावर जाते, असें त्यांचें पत्र आलें. मूळची पिशवी तिच्याबरोबर गेली. लुगड्याची वरची पिशवी त्यांना नको होती. ती काकूंनीं नव्या जागेंत नेली आहे.