आलेखातील शून्य

सोयाबीनचा हंगाम लागला की धाराशिव, कळंब, मुरूम येथील मोंढ्यांचे भाव रोज पाहावे लागतात. ॲगमार्कनेटवर बाजार समित्यांची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर मिळतात. ते एका फाइलीत साठवून एक्सेलमधील आलेख तिच्याशी जोडला की आकडे पुन्हा हाताने भरावे लागत नाहीत. सोय मोठी आहे. मात्र डोळे मिटून विश्वासावी अशी नाही.

मोंढा बंद असलेल्या दिवशी मूळ फाइलीतील घर रिकामे असते. जोडणीचे साधे सूत्र त्या रिकाम्या घराचे शून्य करून आणते आणि भावाची रेषा तळाला जाते. ती चूक निदान दिसते तरी. सरासरीत हेच शून्य लपून बसते. सहा दिवस क्विंटलला ४,२०० रुपये भाव असला आणि सातव्या दिवसाचे शून्य धरले गेले, तर सरासरी ३,६०० दिसते. गोदाम पावतीवर कर्ज काढून माल धरून ठेवलेल्या पेढीने तो आकडा पाहून घाईने विक्री काढली, तर दोष संगणकाचा कसा म्हणावा? सरासरीला ‘ॲव्हरेजइफ’ सूत्र वापरून शून्याहून मोठे भावच मोजावेत.

टॅलीतील उधारीचा आलेखही ओडीबीसीने जोडता येतो. पण टॅली बंद असेल तर जोडणी होत नाही आणि पडद्यावर मागचेच आकडे राहतात. चुकती झालेली उधारी त्यात येणेच दिसते, आणि तगादा भलत्याच गिऱ्हाइकाकडे जातो.